काहीच निसटलं नव्हतं

शेजारच्या माणसानं पेपराचं पान उलटलं, आणि औयाँग मान-यीला भर बोटीत कोणीतरी आपल्या तोंडावर हात दाबल्यासारखं झालं. बोट नुकतीच त्सिम शा त्सुईच्या धक्क्यावरून सुटली होती. चिनी नववर्षाचा चौथा दिवस, कचेऱ्या आज उघडणार, त्यामुळे बाकांवर नव्या कोटांची आणि न्हालेल्या केसांची गर्दी होती, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुट्टी संपल्याची ती जराशी रुसलेली कळा होती. त्या माणसाचा कोट मात्र जुना होता आणि त्याला कापराच्या गोळ्यांचा वास येत होता. तो पेपर अगदी सावकाश वाचत होता. दुसऱ्याचा पेपर वाचू नये हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. पण नजर गेली ती गेलीच. खालच्या बाजूला एक चौकट होती. लंडन-बीजिंग बोलण्यांतली लंडनच्या बाजूची दुभाषी, एक स्थानिक महिला, हिच्या सांगण्यात काहीतरी निसटलं असावं, असं जाणकारांचं मत आहे. बस, एवढंच. नाव नव्हतं. पण नाव हवंय कोणाला? बोलण्यांच्या त्या खोलीत बाई एकच होती. माणसानं पान पुन्हा उलटलं, मागचं घोड्यांच्या शर्यतींचं पान काढलं आणि त्यात बुडून गेला. मान-यी पाण्याकडे बघत बसली. पाणी फेब्रुवारीत असतं तसं, शिशाच्या रंगाचं आणि थंड.

खरं तर तिला हे कालच कळलं होतं. काल तिसरा दिवस, आणि तिसऱ्या दिवशी कोणी कोणाकडे जात नाही. गेलं की भांडण ठरलेलं, त्या दिवसाचं नावच मुळी लाल तोंड. पण ताईला आज कारखान्यात हजर राहायचं होतं, म्हणून ती दोघं कालच आली. दाजी म्हणाले, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि दारातच बूट काढता काढता खिशातला पेपर चाचपून पाहिला. दाजी माणूस वाईट नाहीत. चीनच्या मुख्य भूमीवरचा माल विकणाऱ्या त्या मोठ्या दुकानात त्यांनी उभा जन्म रजया आणि थर्मास विकले. पेपरही आयुष्यभर एकच वाचला, बीजिंगची री ओढणारा. त्यात छापून आलेलं चुकीचं असू शकतं हे त्यांच्या गावीही नसतं. मुळ्याच्या तळलेल्या वड्यांची पहिली फेरी होईपर्यंत ते गप्प राहिले, हेच नशीब म्हणायचं.

"मान-यी, पेपरात नाव आलंय बरं का तुझं," दाजी म्हणाले. "म्हणजे नाव नाही आलं. पण आलंय."

"दाजी, वड्या गार होतायत."

"नाही, मी आपलं विचारतो. निसटलं का खरंच काही?"

"मला बोलता येत नाही त्यावर. ठाऊक आहे तुम्हांला."

"वा. वर्षभर बीजिंगच्या वाऱ्या करून बोलबोल बोललीस, आणि घरात आलीस की मौन."

"तिला छळायला आणलंय का मी तुम्हांला?" ताई म्हणाली. "खा मुकाट्यानं. दुसऱ्याच्या घरी बसलायत." मग स्वयंपाकघरात, कढईतलं तेल निथळत, पाठ वळवूनच तिनं विचारलं, "मला एवढंच सांग. ते मताचं काय होणार गं?"

 ताई तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. त्यांची आई गेली तेव्हा ताई कापडाच्या कारखान्यात लागली, ती अजून तिथंच आहे. तिच्या शिवणाच्या पैशांवर मान-यी शिकली, इंग्रजी शिकली, बीजिंगची बोली शिकली, आणि शेवटी साहेब लोकांच्या कानाशी जाऊन बसली. हाँगकाँगचे कायदे करणाऱ्या कौन्सिलाच्या निवडणुकीत त्या कारखान्याचं म्हणून एक मत होतं, पण आजवर ते मालक टाकत आला. लंडनच्या नव्या बेतात ते मशीनवर बसणाऱ्या बायांना मिळणार होतं. ताईनं ही बातमी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती हसत सुटली होती, इतकी की ठसका लागला. जन्मभर दुसऱ्यांच्या शर्टांना बटणं लावली, आता म्हणे राज्याला लावायची. त्यानंतर मात्र तिनं तो विषय हसण्यावारी नेला नाही. आणि आता लंडनचं एक म्हणणं छापून आलं होतं, बीजिंगचं दुसरं. वर्षभर एकाच टेबलाशी बसलेली माणसं, पण दोन्ही हकिगती वाचल्या तर वाटावं की दोन वेगळ्या खोल्यांत बसली होती. बीजिंग म्हणे, लंडननं शब्द दिला आणि मोडला. लंडन म्हणे, असा शब्द आम्ही दिलाच नाही. दोघंही हट्टाला पेटलेले. आणि मधेच ही चौकट आली. भाषांतरात काहीतरी निसटलं असं एकदा ठरलं की कोणीच खोटं ठरत नाही. गैरसमज झाला, चला पुन्हा बसू, आणि तोवर ते निवडणुकीचं विधेयक फडताळात. मग हाँगकाँग लंडनकडून बीजिंगच्या हाती जाईपर्यंत ते तिथंच धूळ खात पडणार, आणि ताई बटणं लावत बसणार. मान-यीनं तेव्हा ताईच्या हातातला झारा घेतला आणि म्हणाली, बघू. 

बोट मध्यावर आली तशी हलायला लागली. तिनं डोळे मिटले. तिला ती खोली दिसायला लागली, म्हणजे दिसायच्या आधी तिचा कोरडेपणा ओठांवर आला. बीजिंगच्या त्या अतिथिगृहात गरम नळ्या इतक्या तापवायचे की दुपारपर्यंत ओठ फुटायचे. हिरवं कापड घातलेलं लांब टेबल, झाकणाचे कप, पडद्यांना धुळीचा वास. एका बाजूला लंडनचे हॅलम साहेब आणि त्यांची मंडळी, शेजारी ती. समोर बीजिंगचे वेई साहेब, आणि त्यांच्या डाव्या हाताला तान. तान हा शांतुंगचा धिप्पाड गडी, बायकोनं विणलेला राखी स्वेटर घालून यायचा. तो त्यांचा दुभाषी. अशा बैठकींची रीत अशी की प्रत्येक बाजूचा दुभाषी आपल्याच साहेबाचं बोलणं समोरच्यांच्या भाषेत सांगतो. हॅलमचं इंग्रजी ती चिनीत सांगायची, वेईंचं चिनी तान इंग्रजीत. आणि ज्याची पाळी नसेल तो डोळ्यांत तेल घालून ऐकत बसतो. समोरच्याचं सांगणं कुठं घसरलं, जास्त झालं, कमी झालं, तर त्यानं पेन्सिल उभी धरायची. पेन्सिल उभी राहिली की साहेब लोक कोणीही असोत, सगळं थांबतं. ते दोघं नीट करून घेतात आणि मग पुढं. पेन्सिल आडवी राहिली म्हणजे सांगणं मंजूर. कुठं लिहिलेलं नाही हे, पण बाहेरच्या कोणाला ठाऊक नसलं तरी त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक. वर्षभर ती आणि तान एकमेकांशी कामाबाहेर बोलले ते एकदाच. तिला खोकला झाला होता तेव्हा त्यानं जेवणाच्या सुट्टीत नासपतीचा पाक आणून तिच्या कपाशेजारी ठेवला, आणि म्हणाला, घशावरच पोट आहे आपलं. बाकी अळीमिळी गुपचिळी.

तो दिवसही तिला स्वच्छ आठवत होता. दुपारची बैठक, सगळे कंटाळलेले. वेई साहेब म्हणत होते की सोपे मुद्दे आधी उरकू, पण बाकीचं तुम्ही परस्पर कौन्सिलपुढे नेणार नाही ना? तेव्हा हॅलमनं चष्मा काढला. चष्मा काढला की हा माणूस काहीतरी निसरडं बोलणार, हे तिला तोवर पाठ झालं होतं. आणि ते म्हणाले, बाकीच्या गोष्टींची घाई करण्याचं आम्हांला तूर्त कारण दिसत नाही. झालं. यात शब्द आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. तिच्या जिभेवर क्षणभर मोह आला होता, हे ती स्वतःपाशी कबूल करायची. एवढीशी कड काढली असती तर वाक्य होकारी झालं असतं, थोडी वाकवली असती तर नकारी. खोलीतली माणसं सुटकेचा श्वास टाकून घरी गेली असती. पण फू मास्तर, ज्यांच्या हाताखाली ती तयार झाली, ते म्हणायचे, साहेबानं धुकं दिलं तर धुकंच पोचवायचं, आपल्या पदरचं ऊन पाडायचं नाही. तिनं धुकं पोचवलं. तोलून मापून, तितकंच दाट. आणि तानची पेन्सिल उभी राहिली. खोली थांबली. तान म्हणाला, पुन्हा सांगाल का? तिनं पुन्हा सांगितलं, तेच्या तेच. तान तिच्याकडे बघत राहिला. धुकं साहेबांचंच आहे, तिचं नाही, हे त्याला दिसलं, आणि त्याला ते दिसलं हे तिला कळलं. मग त्यानं पेन्सिल आडवी ठेवली. वेई साहेब हसले आणि म्हणाले, चला, आज बरंच झालं. त्यांना जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं होतं.

मग काय निसटलं? बोट धक्क्याला टेकली, माणसं उठली, फळी खाली पडण्याचा तो ओळखीचा धाडकन आवाज आला. मान-यीच्या मनात भीती होती ती एकदम रागात बदलली. राग तिला फार क्वचित यायचा, आणि आला की तिचे हात गार पडत. पन्नाशी उलटेपर्यंत दुसऱ्यांच्या तोंडचं बोलली. राज्यपालांच्या सभा, गोदीतले तंटे, लहान पोरं पळवल्याचे खटले. खुन्याची कबुली तिनं त्याच्या आवाजात दिली होती, आणि घरी जाऊन भात शिजवला होता. आपलं म्हणून एक अक्षर त्यात मिसळलं नाही. एवढी एकच तिची कमाई होती, घर नाही, संसार नाही, हीच. आणि आता दोन राजधान्यांच्या भांडणात पाय ठेवायला पायरी हवी, म्हणून ही म्हणे पायरी. टेकडीवरच्या सरकारी कचेऱ्यांकडे चढताना वडाच्या पारंब्या भिंतीवरून लोंबत होत्या. एक झाडूवाली तांबड्या फटाक्यांच्या चिंध्या गोळा करत होती. तिनं मान-यीला नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या. मान-यीनंही दिल्या, आणि आपला आवाज अजून शाबूत आहे याचं तिला उगाच बरं वाटलं.

हॅलम साहेब खिडकीशी उभे होते, पेपरमिंट चघळत. उंच, वाळका माणूस, वर्ष-दोन वर्षांत निवृत्त होऊन घरी बागेत गुलाब लावणार. तिच्याशी ते नेहमी अदबीनं वागले होते. आज तर खुर्चीही त्यांनी स्वतः पुढं केली, आणि आपल्याकडून काहीतरी मागायचंय हे तिथंच तिला कळलं.

"मिस औयाँग, अकरा वाजता पत्रकार येतायत," ते म्हणाले. "तुम्ही वाचलंच असेल."

"वाचलं, साहेब."

"बीजिंगनं एक दार उघडं ठेवलंय. लंडनचं मत आहे की आपण त्यातून जावं. मी एवढंच म्हणायचं की अशा लांबलेल्या बोलण्यांत भाषांतरात एखादी गोष्ट निसटू शकते. तुमचं नाव कोणी घेणार नाही. तुमच्या नोकरीला, निवृत्तीला धक्का नाही, हा माझा शब्द."

"आज तुम्ही शब्द देताय, साहेब. त्या दिवशी दिला होता का?"

त्यांनी पेपरमिंट दातांखाली फोडलं. पेपरमिंटचा वास आला. मग म्हणाले, "नव्हता दिला."

"मग तसं सांगा."

"तसं सांगितलं तर पुढं बोलणीच नाहीत. विधेयक सरळ कौन्सिलपुढे न्यावं लागेल. वादळ होईल, कल्पना आहे ना तुम्हांला?"

"आहे. आणि माझ्या बहिणीला मत मिळेल." हे वाक्य तिच्या तोंडून गेलं आणि तिची तिलाच चाहूल लागली, इतक्या वर्षांत या खोलीत ती स्वतःचं असं पहिल्यांदा बोलत होती. आता थांबवत नव्हतं. "नाव घेणार नाही म्हणता. हाँगकाँगात नाव घ्यावं लागत नाही, साहेब. काल माझ्या घरात, माझ्या ताटात आलंय ते. आणि दुसरं. तानची पेन्सिल उभी राहिली होती, आठवतं? त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, त्यानं पेन्सिल ठेवली. मी चुकले असले तर तोही चुकला, तुमच्या समोर, वेई साहेबांच्या शेजारी बसून. तुम्ही या दारातून जा खुशाल. उद्या बीजिंगवाले म्हणतील, आमचा माणूस चुकत नाही, म्हणजे चूक तुमच्या साहेबाच्या जिभेची. मग तुम्ही दारात अडकाल, आणि तान बिचारा तुमच्याबरोबर चेंगरेल. त्याचं माझं काही नातं नाही. पण त्यानं त्याचं काम चोख केलं होतं."

हॅलमनी चष्मा काढला.  चष्मा काढला की निसरडं.

"म्हणजे मी मान्य केल्यासारखं होईल की मी मुद्दामच तसं बोललो," ते म्हणाले.

"बोलला होतातच की."

त्यांना हसू आलं असावं, पण ते आलंच नाही नीट. "आज सभागृहावरच्या काचेच्या खोलीत भाषांतराला दुसऱ्या कोणाला बसवू का? तुम्हांला जड जाईल."

"नाही, साहेब. मीच बसणार. तुम्ही जे म्हणाल ते मी पोचवीन. निसटलं म्हणालात तर निसटलं म्हणेन, सगळ्या शहराला ऐकू जाईल असं. फक्त ते माझ्या तोंडून जाणार, आणि तुम्ही ते ऐकत बसाल. तेवढं मात्र चुकणार नाही." ती उठली. खुर्ची जागेवर ढकलली. ते काय ठरवतील हे तिला खरोखरच कळलं नव्हतं. पण जिन्यावरून उतरताना आत कुठेतरी मजाही वाटत होती, शाळेत असताना ती एकदा मोठ्या बाईंना तोंडावर नाही म्हणाली होती त्या दिवसासारखी.

काचेच्या खोलीत दोनच खुर्च्या. एक तिची, एक आवाजाचं यंत्र सांभाळणाऱ्या सिउची. सिउ जाडजूड, अबोल, सकाळपासून भोपळ्याच्या बिया सोलत बसलेला. तिनं कानांवर यंत्र चढवलं आणि जग पाण्याखाली गेल्यासारखं झालं. फक्त आवाज उरले. खाली सभागृह गच्च. कॅमेरे, गरम दिवे, आणि आज सगळं थेट घराघरांत जात होतं. दाजींच्या दुकानात भिंतीवरच्या टीव्हीसमोर आज गर्दी असणार, हे ती न बघता सांगू शकली असती. हॅलम आले, बसले. छापील निवेदन झालं. ती ते चिनीत सांगत गेली, सवयीनं, सहज, आणि मनात म्हणत होती की माणसाला सवय लागली म्हणजे तो स्वतःच्या फासाचीही मापं बिनचूक सांगेल. मग प्रश्न सुरू झाले. तिसऱ्या रांगेत जीनचं जाकीट घातलेली एक पोरसवदा वार्ताहर उभी राहिली. तिनं कँटोनीत, इथल्या बोलीत, स्वच्छ, न अडखळता विचारलं, "साहेब, सरळ सांगा. तुमच्या दुभाषी बाईंची चूक झाली का?"

हे हॅलमच्या कानात इंग्रजीत घालायचं काम तिचंच. तिनं श्वास घेतला. साहेब, सरळ सांगा, तुमच्या दुभाषी बाईंची चूक झाली का? पोरीनं विचारलं होतं त्याच सुरात, तिखट तर तिखट. काचेतून तिला हॅलमचा अर्धा चेहरा दिसत होता, कानाशी धरलेला हात दिसत होता. तिचा आवाज आत्ता त्यांच्या कानात होता. बस्स, याहून जवळ ती कोणाच्याच गेली नव्हती कधी. तो हात कानाशीच राहिला. दिवे गरम होते आणि तिचे हात बर्फ. ताईला आत्ता कारखान्यात काही ऐकू येत नसेल, मशीनांचा आवाज केवढा असतो, संध्याकाळी कोणीतरी सांगेल. काय सांगेल? तिला एकदम फू मास्तरांची आठवण आली, त्यांच्या शेवटच्या आजारातली. तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं, आणि नर्सला ते काय म्हणतायत हे तिनंच सांगितलं होतं. पाणी नको, खिडकी उघडा. एवढंच म्हणत होते. हॅलमनं हात खाली घेतला. चष्म्याकडे नेला. तिनं दात आवळले. चष्मा काढला नाही त्यांनी. नाकावर नीट बसवला.

"नाही," ते म्हणाले.

"नाही," ती चिनीत म्हणाली.

"मी त्या दिवशी मुद्दाम मोघम बोललो. बोलणी चालू राहावीत म्हणून. बाईंनी ते जसंच्या तसं पोचवलं. समोरच्या दुभाष्यांना शंका आली, त्यांनी पुन्हा विचारलं, बाईंनी पुन्हा तेच सांगितलं. दोघांनीही आपलं काम नेमकं केलं. वेई साहेबांनी त्यात वचन ऐकलं, तो त्यांचा प्रश्न. वचन मी दिलं नव्हतं."

ती प्रत्येक वाक्याच्या पाठोपाठ चालली होती, अर्ध्या श्वासाचं अंतर ठेवून, नेहमीसारखी. समोरच्या दुभाष्यांना शंका आली, हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते येऊ दिलं. हात यंत्रावर होते, पुसायला रिकामे नव्हते. दोघांनीही आपलं काम नेमकं केलं. आज ना उद्या बीजिंगमध्ये कोणीतरी हे तानला भाषांतर करून ऐकवेल, आणि तो ऐकता ऐकता सांगणाराला तपासत बसेल, याची तिला खातरी होती. खाली एकेक डोकं वळायला लागलं. हॅलमकडून काचेकडे. जीनच्या जाकिटातली ती पोरगी तर उघड उघड मागं वळून उभी राहिली, मान उंचावून, काचेत कोण आहे ते बघत. कोणीतरी कॅमेरा इकडे फिरवला. मान-यीला लपावंसं वाटलं नाही. आयुष्यभर सावलीत बसून बोलणारी बाई, पण आज काय हरकत आहे, बघा म्हणावं. हीच ती. औयाँग मान-यी. त्या खोलीतली बाई.

पोरगी बसायच्या आधी तिनं आणखी एक विचारून घेतलं. "मग निवडणुकीचं विधेयक कौन्सिलपुढे येणार की नाही?"

मान-यीनं तेही हॅलमच्या कानात घातलं. यावेळी त्यांनी वाट पाहिली नाही.

"येणार. याच महिन्यात."

"येणार," ती म्हणाली. "याच महिन्यात." शब्द तेवढेच, एकही वाढवला नाही. पण आवाज असा निघाला की यंत्रावरचा काटा तांबड्या खुणेपार गेला, खालच्या पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या वार्ताहरानं कानावरचं यंत्र झटकन ओढून काढलं, आणि सिउनं बिया टाकून आवाज कमी करायला हात पुढं केला. मान-यीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि तो तसाच दाबून धरला.